बाउंडरी वॉटर्समधील पाच दिवसांची कनू सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या बाउंडरी वॉटर्सच्या रानात आम्ही उन्हाळ्यात मराठी कुटुंबांना आणि मित्रमंडळींना पाच दिवस व चार रात्रींच्या कनू सफरीवर नेतो. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट, उघडी होडी. नाव नोंदवण्यापूर्वी बहुतेकांच्या मनात तेच ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. कृपया ती घरातल्या सर्वांनी वाचावीत, कारण पुष्कळदा नोंदणी एकजण करतो आणि बाकीच्यांना काय वाढून ठेवले आहे याची कल्पना पहिल्या दिवशी काठावर पोहोचल्यावरच येते.

बाउंडरी वॉटर्स म्हणजे नेमके काय?

सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट या राष्ट्रीय वनातला हा सुमारे ११ लाख एकरांचा राखीव भाग आहे. त्यात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत आणि ती नद्या, ओढे व पायवाटांनी एकमेकांना जोडलेली आहेत. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने या भागाला संरक्षण मिळाले आणि १९७८ मध्ये खास याच रानासाठी स्वतंत्र कायदा झाला. आत रस्ता नाही, दुकान नाही, वीज नाही, आणि बहुतेक सरोवरांवर मोटारबोटीला मनाई आहे. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या रानावरून ४,००० फुटांच्या खाली विमाने उडवण्यासही बंदी घातली. आज तेथे जी शांतता मिळते ती आपोआप टिकलेली नाही, अनेकांनी अनेक वर्षे भांडून ती टिकवली आहे.

पायाखालचा खडकही लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तर आपली सफर जेथून निघते त्या ईली गावाच्या परिसरातला हिरवट खडक सुमारे २७० कोटी वर्षांचा आहे. हिमयुगातल्या बर्फाने तो खरवडला, त्यात खोलगट भाग कोरले, आणि बर्फ वितळल्यावर ते पाण्याने भरले. हे पाणी दक्षिणेकडे मिसिसिपीला मिळत नाही. ते उत्तरेकडे वाहत जाऊन अखेर हडसनच्या उपसागराला मिळते.

आपला मार्ग कोणता?

ईलीपासून फर्नबर्ग रस्त्याने पूर्वेकडे गेल्यावर लेक वन या सरोवराचा काठ लागतो. तेथून लेक टू, लेक थ्री, लेक फोर आणि हडसन या सरोवरांतून आपण इन्सुला सरोवरापर्यंत जातो आणि त्याच वाटेने परततो. हा सगळा कविशिवी नदीचाच प्रवाह आहे, जागोजागी पसरून तिची सरोवरे झाली आहेत. नावे आकड्यांची असली तरी ही सरोवरे एकसारखी नाहीत. लेक वन वेड्यावाकड्या खाड्यांनी भरलेले आहे आणि नवख्यांची वाट तेथेच सर्वांत जास्त चुकते. थ्री आणि फोर मोकळी असून वाऱ्याच्या तोंडाशी आहेत. इन्सुलात बेटेच इतकी आहेत की नकाशावरून बोट न उचलता पुढे सरकावे लागते.

जाण्यायेण्याची वाट एकच असणे हा कमीपणा आहे का, असे काहीजण विचारतात. आमचा अनुभव उलटा आहे. परतताना तुम्ही स्वतः नकाशा वाचू लागता, आणि जाताना उन्हात पाहिलेला किनारा परतताना पहाटेच्या धुक्यात ओळखूही येत नाही. तिसरा दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवतो. त्या दिवशी तंबू हलवायचे नसतात.

कनू आणि कयाक यांत फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने वल्हवतात. कनू वरून उघडी असते, एकाच पात्याचे वल्हे असते, आणि तिच्यात पाच दिवसांचे सामान बसते. पुढे बसणारा वेग देतो, मागे बसणारा दिशा सांभाळतो. पहिल्या तासाभरात आम्ही हे शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेकांची कनू सरळ जाऊ लागते. नवरा-बायकोंनी पहिल्या दिवशी वेगवेगळ्या कनूंत बसावे, अशी आमची मनापासूनची सूचना आहे.

पोर्टेज म्हणजे काय, आणि ते मला झेपेल का?

दोन सरोवरांमधल्या जमिनीवरच्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात, आणि त्या वाटेने कनूसह सगळे सामान वाहून नेण्यालाही तोच शब्द आहे. ही सफर झेपेल की नाही हे पाण्यावर ठरत नाही, ते या पायवाटांवर ठरते. म्हणून हे उत्तर लांबवत आहोत.

पोर्टेजची लांबी येथे आजही रॉड या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका कनूची लांबी. ३२० रॉडचा एक मैल होतो. आपल्या मार्गावर जाताना सहा पोर्टेजेस लागतात. त्यांतली बहुतेक आखूड आहेत आणि हडसन ते इन्सुला हे सर्वांत लांब, म्हणजे १०५ रॉडचे आहे. अंतर सव्वापाचशे मीटरच आहे, पण सामान एका खेपेत नेता येत नाही. एक खेप पोहोचवायची, रिकाम्या हाताने मागे यायचे आणि दुसरी उचलायची, म्हणजे तीच वाट तीनदा चालावी लागते आणि १०५ रॉडचा जवळजवळ एक मैल होतो. वाट दगडांची आणि मुळांची असते, मध्येच चिखल असतो, आणि पाठीवरची सॅक पहिल्या दिवशी १८ ते २२ किलोंची असते.

आमच्या कनू केव्हलार या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याच्या आहेत. एकीचे वजन सुमारे १९ ते २० किलो भरते. जुन्या ॲल्युमिनियमच्या कनू ३० किलोंच्या पुढे असत. ती उचलण्यात ताकदीपेक्षा हातोटी जास्त लागते. कनूच्या मध्याशी उभे राहून जवळचा काठ मांड्यांवर ओढून घ्यायचा, एक हात पलीकडच्या काठावर टाकायचा, गुडघ्याने हलका झोका द्यायचा आणि ती डोक्यावरून पालथी घालत मधल्या आडव्या दांड्याच्या गाद्या खांद्यांवर बसवायच्या. या दांड्याला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात, त्याचा अर्थ बैलाच्या मानेवरचे जू असाच आहे आणि त्याहून नेमका शब्द सापडणार नाही. जू बसले की समोरच्या वाटेचे दहा-बारा फूटच दिसतात, स्वतःचा श्वास पोकळीत घुमतो आणि डासही नेमके तेथेच जमतात. वाट संपल्याचे आधी पायांना कळते, कारण माती संपून पाण्यातले गोटे लागतात. मग झाडांच्या पलीकडे नवे सरोवर उघडते. तो क्षण शब्दांत सांगण्याचा प्रयत्न आम्ही करत नाही, पण त्यासाठी माणसे पुन्हा येतात एवढे ठाऊक आहे.

फरच्या व्यापाराच्या काळात याच मुलखातून व्होयाजर म्हणून ओळखले जाणारे फ्रेंच-कॅनेडियन नावाडी जात. ते ९० पौंडांच्या दोन गाठोड्या एका वेळी पाठीवर घेत, आणि त्यांच्या वाटेवर साडेआठ मैलांचे ग्रँड पोर्टेज होते. तुमच्याकडून तसली अपेक्षा कोणी करणार नाही. महिनाभर आधी आठवड्यातून तीनदा, १२ ते १५ किलो वजनाची सॅक घेऊन तासभर चालण्याचा सराव मात्र करा. सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्यांचे पाय तयार असतात, पण त्यांनीही खांदे आणि पाठ यांकडे लक्ष द्यावे.

मार्गदर्शक सोबत असतील, तर सामान तेच वाहतील ना?

नाही. प्रत्येकजण आपल्या कुवतीप्रमाणे वाहील, आणि हे आम्ही नोंदणीच्या वेळीच स्पष्ट करतो. मार्गदर्शक वाट दाखवतो, हवामानाचा निर्णय घेतो, स्वयंपाक सांभाळतो, जखम झाली तर उपचार करतो आणि कनूही उचलतो, पण तो हमाल नाही. आठ वर्षांचे मूल दोन वल्ही आणि पाण्याची बाटली नेते, आजी नकाशाची पिशवी आणि लाइफ जॅकेट्स नेतात, तर धडधाकट तरुण सॅक घेऊन दोनदा जातो. ज्याने काहीच उचलले नाही तो संध्याकाळी गटात थोडा परका राहतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून निमित्त म्हणून का होईना, प्रत्येकाच्या हातात काहीतरी देतो.

गट किती जणांचा असतो?

सरकारी नियमानुसार एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या चालतात. दोन मार्गदर्शक धरून आम्ही सात पाहुणे घेतो. दोन कुटुंबे मिळून आठजण होत असतील तर ‘एकच जास्त आहे’ म्हणून सूट मागू नये, कारण ती आम्हालाच मिळत नाही.

मला पोहता येत नाही. तरी येऊ का?

हो, मात्र दोन अटी आहेत. पाण्यावर असताना लाइफ जॅकेट अंगावर आणि बंद केलेले असलेच पाहिजे. मिनेसोटाच्या कायद्याने ही सक्ती दहा वर्षांखालील मुलांना आहे, आम्ही ती सर्वांना केली आहे, मार्गदर्शकांसह. दुसरी अट म्हणजे पहिल्या सकाळी उथळ पाण्यात जॅकेट घालून तरंगण्याचा सराव करायचा. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याचे भय वाटते त्यापेक्षा तरंगण्याची खात्री नसते, आणि ती दहा मिनिटांत येते.

कनू उलटलीच तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नये. उलटी कनूही तरंगते. तिला धरून राहावे, दुसरी कनू जवळ येते, उलटलेली कनू आडवी घालून तिच्यातले पाणी काढले जाते आणि मग माणसांना आत घेतले जाते. याचाही सराव आम्ही करून घेतो.

भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांना आणता येईल का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. वय अडसर नसते. गुडघे, तोल आणि जमिनीवर बसून उठण्याची सवय या तीन गोष्टी पाहाव्यात. ज्यांना दगडावरून आधाराशिवाय उतरता येते आणि पातळ गादीवर झोप लागते, असे पासष्टी ओलांडलेले अनेकजण आमच्यासोबत आनंदाने आले आहेत. याउलट हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण आत रुग्णवाहिका येऊ शकत नाही. प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे नोंदणीपूर्वी तपासा.

आणखी एक विनंती. आई-बाबांना ‘बोटिंगला जायचे आहे’ एवढेच सांगून आणू नका. हे पान त्यांना वाचून दाखवा आणि त्यांना स्वतः ठरवू द्या.

कोणता महिना चांगला?

बर्फ साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीस फुटतो आणि त्यानंतर बराच काळ पाणी जीवघेणे गार असते, म्हणून मे महिन्यात आम्ही नवख्यांना नेत नाही. जूनमध्ये दिवस सुमारे सोळा तासांचा असतो, पण डास आणि काळ्या माश्या यांचाही तोच काळ. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंतचे दिवस कुटुंबांसाठी सर्वांत उत्तम असतात. तेव्हा दुपारी २५ अंशांच्या आसपास ऊन असते, रात्री पारा १२-१३ पर्यंत उतरतो, पाण्यात उतरता येते आणि ब्लूबेरी पिकलेल्या असतात. सप्टेंबरमध्ये डास जवळजवळ संपतात, बर्च आणि ॲस्पेनची पाने पिवळी होतात, मात्र रात्री कडाक्याच्या असतात. आम्हा मार्गदर्शकांना विचाराल तर सप्टेंबरच.

वारा, पाऊस, विजा यांचे काय?

पावसात आपण चालत राहतो. विजांत आणि वाऱ्यात थांबतो.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की लगेच किनारा गाठायचा, सर्वांत उंच झाडाखाली न थांबता सारख्या उंचीच्या झाडांमध्ये एकमेकांपासून अंतर ठेवून बसायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पाण्यावर जायचे नाही. वाऱ्याचा नियम सांगणे अधिक अवघड आहे, कारण वारा हळूहळू चढतो आणि माणसाला ‘अजून जमेल’ असे वाटत राहते. काही वर्षांपूर्वी लेक थ्रीवर गटाचा मार्गदर्शक म्हणून मला असेच वाटले होते. गट ताजातवाना होता, समोरचा किनारा स्पष्ट दिसत होता, आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला असतानाही मी निघण्याचा निर्णय घेतला. अर्ध्यावर पोहोचेपर्यंत पुढच्या कनूत दोन इंच पाणी आले होते. आम्ही एका बेटाच्या आडोशाला वळलो आणि तेथे पाच तास बसून राहिलो. कोणाला काही झाले नाही, पण त्या कनूत एक अकरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याचा काठ घट्ट धरलेला हात मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पांढरा फेस दिसला की निघायचे नाही, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

म्हणूनच आम्ही पहाटे साडेपाचला उठवतो. वारा बहुधा दुपारी वाढतो, तोवर त्या दिवशीचे अंतर संपलेले असावे लागते. उशिरा उठणे हा तुमच्या सुट्टीचा अविभाज्य भाग असेल तर तिसरा दिवस त्यासाठी आहे.

प्रातर्विधीची सोय कशी असते?

प्रत्येक ठरावीक मुक्कामाच्या जागेमागे, झाडीत थोडे आत, जमिनीवर बसवलेली एक पेटी असते. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही, पाणी नाही. कागद, हात स्वच्छ करण्याचे द्रव आणि लहान खुरपे आम्ही देतो. ज्यांना पाणी वापरायची सवय आहे त्यांनी स्वतंत्र बाटली आणावी. पेटीकडे जाताना वाटेच्या तोंडाशी एक वल्हे आडवे ठेवायचे, म्हणजे दुसरे कोणी येत नाही.

पाळी येण्याची शक्यता असेल तर संकोच न करता आधी सांगा. प्रत्येक गटात किमान एक महिला मार्गदर्शक असते. वापरलेले पॅड त्या पेटीत किंवा शेकोटीत टाकायचे नाहीत. त्यासाठी वास न येणाऱ्या, अपारदर्शक पिशव्या देतो आणि त्या परत आणतो.

जेवणात काय असते? शाकाहारी चालेल का?

आमचा शिधा मुळातच शाकाहारी आहे. ताजे मासे मिळाले तर ते वेगळ्या तव्यावर होतात. पहिल्या रात्री घरून गोठवून आणलेली भाजी असते, कारण ती तेवढ्यातच सुटते. पुढे मुगाची खिचडी, पिठले, मेतकूट-भात, सांजा, पोहे आणि सुक्या भाज्या घातलेली आमटी असते. पोळ्यांचे पीठ मळत बसण्यापेक्षा मक्याच्या किंवा गव्हाच्या टॉर्टिया सोयीच्या पडतात. एका माणसाला दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडा शिधा लागतो आणि तो सगळा पाठीवरून जायचा असतो. त्यामुळे मापाशिवाय काहीही घेता येत नाही.

थालिपिठाची भाजणी या प्रवासाला जितकी योग्य तितका दुसरा पदार्थ आम्हाला सापडलेला नाही. ती खराब होत नाही, पोट भरते, आणि कनूच्या पालथ्या पाठीवर प्लास्टिकचा कागद अंथरून थापता येते. भोक पाडून कडेने तूप सोडले आणि तव्यावर झाकण ठेवले की चुर्र आवाज येतो, तो शेजारच्या तंबूतल्या मुलांना हाक मारल्याशिवाय बाहेर आणतो.

खाण्यापिण्याचे पत्र्याच्या डब्यातले पदार्थ आणि काचेच्या बाटल्या रानात नेण्यास कायद्याने बंदी आहे. लोणचे काचेच्या बरणीत आणू नका, प्लास्टिकच्या डबीत भरून आणा. मद्य आम्ही नेत नाही.

भांडी सरोवरात धुवायची नाहीत, आंघोळही साबण लावून सरोवरात करायची नाही. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी पाण्यापासून किमान १५० फूट आत जाऊनच वापरायचा. फुले, हळद-कुंकू, दिवे किंवा निर्माल्य पाण्यात सोडण्याची इच्छा काहीजण व्यक्त करतात. त्यामागची भावना आम्हाला समजते, परंतु ती काठावर हात जोडून पूर्ण करावी.

पिण्याचे पाणी?

काठापासून दूर, खोल पाण्यात जाऊन भरतो आणि गाळतो किंवा उकळतो. कविशिवीच्या पाण्याला कोऱ्या चहासारखी छटा असते. ती दलदलीतल्या झाडपाल्यामुळे येते आणि घाणीचे लक्षण नाही. न गाळलेले पाणी मात्र कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये, कारण जिआर्डियासारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत.

अस्वले आहेत का? आणि साप?

काळी अस्वले आहेत, तपकिरी ग्रिझली नाहीत. काळे अस्वल माणसासाठी येत नाही, अन्नासाठी येते. म्हणून संध्याकाळी शिधा, टूथपेस्ट आणि कचरा हे सगळे एकत्र करून जमिनीपासून किमान १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट दूर टांगतो किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवतो. तंबूत चिक्कीचा तुकडासुद्धा ठेवू नये. खिशात विसरलेल्या चिक्कीसाठी अस्वल नाही आले तरी खार तंबू कुरतडतेच.

या भागात विषारी साप नाहीत.

मूस (हरणांतली सर्वांत मोठी जात) आणि लांडगे आहेत, पण ते दिसणे नशिबाचा भाग आहे. रात्री लांबलचक, थरथरती साद ऐकू येते ती लून या पाणपक्ष्याची. तो मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. पहिल्यांदा ऐकणारी मुले ती ऐकून घाबरतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

खरा त्रास डासांचा आणि गोचिडांचा. गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, मोज्यांत खोचलेली विजार आणि रोज संध्याकाळी अंग तपासणे, हे तिन्ही आवश्यक आहे.

वाटेत जळालेले जंगल दिसते, असे ऐकले. ते का?

१८ ऑगस्ट २०११ रोजी वीज पडून लागलेला पगामी क्रीकचा वणवा महिनाभरात ९२,००० एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरला, आणि लेक थ्रीपासून इन्सुलापर्यंतचा आपल्या मार्गाचा मोठा भाग त्यात सापडला. काळे पडलेले, निष्पर्ण खांबांसारखे बुंधे अजून उभे आहेत. पण त्यांच्या बुंध्याशी पाहा. जॅक पाइनची शंकूफळे राळेने बंद असतात आणि आगीच्या उष्णतेने उघडतात, त्यामुळे वणव्यानंतर त्यांचीच रोपे सर्वांत आधी दाटीने उगवली. ती आता माणसाहून उंच झाली आहेत. ब्लूबेरीही उघड्या, उन्हाच्या जागेतच चांगली येते. ‘जंगलाचे वाटोळे झाले’ असे म्हणत आलेले पाहुणे तेथेच ओंजळ भरून फळे खातात.

शेकोटी फक्त मुक्कामाच्या जागी बसवलेल्या लोखंडी जाळीतच पेटवता येते, तीही बंदी नसेल तेव्हा. लाकूड पडलेले आणि मेलेले असावे. बर्चची साल झाडावरून सोलू नये. निघताना राखेत हात घालता येईल इतके पाणी ओततो आणि खरोखरच हात घालून पाहतो.

हा मुलूख मूळचा कोणाचा?

ओजिब्वे लोकांचा, जे स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. बर्चच्या सालीची कनू हे त्यांचे कौशल्य. आपण ज्या आकाराच्या होडीत बसतो तो आकार त्यांच्याकडूनच आला आहे. १८५४ च्या तहाने ही जमीन अमेरिकेच्या सरकारकडे गेली, पण शिकार, मासेमारी आणि रानातले अन्न गोळा करण्याचे हक्क त्यांनी राखून ठेवले, आणि ते आजही लागू आहेत.

ऑगस्टच्या अखेरीस उथळ पाण्यात भातासारखे उंच गवत लोंबीवर आलेले दिसेल. ते मनोमिन, ज्याला दुकानात वाइल्ड राइस म्हणतात. एकजण लांब काठीने कनू रेटतो, दुसरा एका दांडक्याने लोंब्या होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडक्याने हलकेच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, उरलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. भाताची झोडणी पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हे पाहताना फार ओळखीचे वाटते. त्या गवतातून कनू घुसवू नका, वळसा घाला. खडकांवर कोठे जुनी रंगवलेली चित्रे दिसली तर त्यांना हात लावू नये.

फोन चालतो का? काही झाले तर?

मोबाइलला आत संपर्क मिळेल असे धरून चालू नका. दोन्ही मार्गदर्शकांकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणि प्रथमोपचाराचे पूर्ण साहित्य असते. गंभीर प्रसंगी बचावपथक किंवा पाण्यावर उतरणारे विमान येऊ शकते, परंतु हवामान वाईट असेल तर मदतीला कित्येक तास लागतात. म्हणून आम्ही ओल्या दगडावर धावू देत नाही आणि खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात सूर मारू देत नाही. नियमित औषधे दोन संचांत आणा. एक संच मार्गदर्शकाकडे राहील, कारण एखादी सॅक भिजूही शकते.

मासे पकडता येतात का?

येतात. वॉलआय, नॉर्दर्न पाइक आणि स्मॉलमाउथ बास मिळतात. १६ वर्षे व त्याहून मोठ्या व्यक्तींनी मिनेसोटाचा परवाना आधी काढावा.

कपडे आणि सामान काय आणावे?

दोन जोड पुरतात. एक पाण्यावर घालायचा, जो रोज ओला होणार, आणि एक फक्त तंबूत घालायचा, जो काही झाले तरी कोरडा ठेवायचा. सुती कपडे आणि जीन्स आणू नयेत. ती भिजली की वाळत नाहीत आणि थंडी वाजते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, पावसाचे जाकीट आणि विजार, लोकरी टोपी, डासांची जाळी आणि हेडलॅम्प एवढे पुरे. पायांत असे बूट असावेत की जे घालून पाण्यात उतरता येईल, कारण केव्हलारची कनू दगडावर घासली तर फाटते आणि म्हणून आपण काठापासून चार पावले आधीच पाण्यात उतरतो. चपला, सँडल्स पोर्टेजवर चालत नाहीत.

तंबू, स्लीपिंग बॅग, गाद्या, भांडी आणि सॅक आम्ही देतो. आदल्या संध्याकाळी तुमचे सामान आम्ही समोर पसरून पाहतो आणि साधारण तिसरा हिस्सा गाडीत परत ठेवायला सांगतो. याचा राग मानू नये.

परवाना कोण काढतो? परदेशी नागरिकांना चालते का?

१ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशद्वारातून दररोज ठरावीक गटांनाच मुक्कामाचे परवाने मिळतात. आरक्षण जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. परवाना आम्ही काढतो, पण तो ठरलेल्या तारखेपुरताच असतो. त्यामुळे सफर एक दिवस पुढे ढकलता येत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या नातेवाइकांनाही येता येते. आपला मार्ग कॅनडात शिरत नाही, तरी पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी.

ध्रुवीय प्रकाश दिसेल का?

कधी कधी दिसतो. त्याचे आश्वासन आम्ही देत नाही.

ईलीला कसे पोहोचायचे आणि परतीचे काय?

मिनीॲपोलिसहून गाडीने साधारण चार ते साडेचार तास, डुलुथहून दोन तास. सफरीच्या आदल्या दुपारी चारपर्यंत ईलीला पोहोचा, कारण सामानाची तपासणी आणि नकाशावरची बैठक त्याच संध्याकाळी असते. पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आपण लेक वनच्या काठावर परततो, पण वारा असेल तर संध्याकाळ होते. त्यामुळे त्या रात्रीचे विमान घेऊ नका आणि थकलेल्या अवस्थेत रात्री गाडी चालवत परतू नका. त्या रस्त्यांवर अंधारात हरणे आणि मूस आडवे येतात. गाडीत कोरडे कपडे, एक टॉवेल आणि साध्या चपला ठेवून या. गाडीची किल्ली काठावरच मार्गदर्शकाकडे द्या. सगळ्यांच्या किल्ल्या एकाच जलरोधक डबीत घालून ती त्याच्या सॅकला आतून बांधलेली असते.